आत्याचं "वाईट रक्त", भावाचं क्रोन्स आणि नॉड-२ नावाचं जनुक

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको, यात दोन महिने गेले. शेवटी भावालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव घालू नकोस."

भाऊ २७ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दीड वर्षापूर्वी त्याला बेंबीच्या खाली उजव्या बाजूला दुखायला लागलं. संध्याकाळची कणकण, जेवण नकोसं, चार महिन्यांत ११ किलो वजन उतरलं. दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जखमा दिसल्या. तुकडा तपासायला पाठवला, त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींच्या बारीक गाठी, निघाल्या. टीबीचा जंतू सापडला नाही, पण आपल्या देशात असं चित्र दिसलं की आधी टीबीच मनात येतो. एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधं, सुरू झाली. नऊ महिने त्याने एक गोळी चुकवली नाही. सुरुवातीला बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जखमा होत्या तशाच होत्या, आणि निदान बदललं: क्रोन्स, म्हणजे आतड्यांचा वर्षानुवर्षं चालणारा दाह.

घरी हे सांगितलं तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "आपल्या घराण्याचं रक्तच वाईट. नानांचं काय झालं होतं ते विसरलात का?"

मला विसरायला मुळात ठाऊकच नव्हतं. नाना म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. "तरुणपणीच वारले" एवढंच आम्हाला सांगितलेलं. ते वारले नव्हते. त्यांना महारोग झाला होता आणि घरच्यांनी त्यांना वर्ध्याजवळ दत्तपूरच्या कुष्ठधामात पोचवलं होतं. त्यानंतर ते तेवीस वर्षं जगले. घरातून कुणी कधी भेटायला गेलं का, या प्रश्नावर आत्या गप्प बसली.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. "वाईट रक्त" हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात, म्हणून वाचायला बसले. आणि वाचता वाचता हात थांबला. क्रोन्स आणि कुष्ठरोग, दोन्हींच्या अभ्यासात एक जनुक पुन्हा पुन्हा समोर येतं: नॉड-२.

हे १६ व्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारं प्रथिन आपल्या पेशींच्या आत बसून पहारा करतं. जंतूंच्या भिंतीचा एक अगदी लहान तुकडा, मुरामिल डायपेप्टाइड, हा त्याच्या ओळखीचा. तो हाताला लागला की नॉड-२ रिपके-२ नावाच्या सोबत्याला उठवतं, तिथून निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि दाह सुरू करणारी रसायनं तयार व्हायला लागतात. ही उपजत प्रतिकारशक्ती. तिला जंतूची आधीची ओळख लागत नाही, लस लागत नाही. जन्मतःच बरोबर आलेली.

२००१ च्या मे महिन्यात नेचरमध्ये दोन गटांचे निबंध एकाच अंकात आले. युरोप-अमेरिकेतल्या क्रोन्सच्या रुग्णांत या जनुकातले तीन बदल इतरांपेक्षा बरेच जास्त आढळले होते. प्रथिनाचा जो भाग जंतूचा तुकडा ओळखतो, त्याच्यात किंवा त्याच्या लगत हे बदल येतात. तिसऱ्यात तर डीएनएचं एकच अक्षर जास्तीचं घुसतं आणि प्रथिनाचं शेपूट अर्धवट राहतं.

माझी खरी अडचण इथे होती. बदलामुळे पहारेकरी दुबळा होतो, जंतूची चाहूल त्याला नीट लागत नाही. मग दाह कमी व्हायला हवा ना? जास्त का होतो?

मला उमगलं ते माझ्या शब्दांत सांगते. गावाच्या वेशीवर जागल्या असायचा. तो जागा असेल तर एकटा चोर वेशीवरच पकडला जातो, गाव झोपलेलं राहतं. जागल्याचा डोळा लागला की चोर घराघरांत शिरतात, मग मध्यरात्री सगळं गाव मशाली घेऊन धावतं आणि त्या धांदलीत गंजी पेटतात. लहान आतड्याच्या खोबणींत पॅनेथ पेशी असतात, त्या जंतू मारणारी द्रव्यं सोडतात. नॉड-२ दुबळं असलं की हे काम मंदावतं असं दिसलंय. पेशीत शिरलेल्या जंतूला वेढून पचवण्याची जी सोय आहे, तिलाही नॉड-२ जागेवर बोलावतं. शिवाय आतड्यात रोज लाखो जंतूंचे तुकडे भेटत असताना दरवेळी पेटून उठायचं नाही, हा संयमही काही अंशी याच प्रथिनामुळे अंगी येतो. यातलं कुठलं कारण मोठं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण पहिली फळी ढिली पडली की दुसरी फळी प्रमाणाबाहेर लढते, हे मला पटलं.

आता कुष्ठरोग. २००९ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांचा मोठा जनुकीय अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीला ७०६ रुग्ण आणि १२२५ निरोगी माणसं, नंतर पडताळणीसाठी आणखी हजारो. सहा जनुकांचा संबंध ठळक दिसला, त्यांत नॉड-२ होतं आणि त्याचा सोबती रिपके-२ सुद्धा. कुष्ठाचा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद. दोघेही पेशीच्या आत घर करून राहतात, आणि नॉड-२ चा पहाराही पेशीच्या आतलाच.

तर माझे प्रश्न. नाना आणि माझा भाऊ एकाच धाग्याने जोडलेत का? भावाची जनुक तपासणी करून घ्यावी का? माझी? आणि आत्याला काय सांगू?

---

सातमाळा

ताई, मला क्रोन्स होऊन बारा वर्षं झाली. माझीही सुरुवात एकेटीनेच झाली होती. भावाला सांगा, यात त्याचं काही चुकलेलं नाही आणि ते नऊ महिने त्याने मूर्खपणाने घालवले असंही नाही.

एक विचारतो. मला भेटणारा प्रत्येक माणूस "प्रतिकारशक्ती वाढव" म्हणून काढे सांगतो. तुमच्या जागल्याच्या हिशोबाने तर पहिली फळी दुबळी आहे. मग वाढवायला हवी की कमी करायला हवी? डॉक्टर तर ती दाबायची औषधं देतात.

---

हिरवा_चाफा

मी पोटविकारांची डॉक्टर आहे. एका रुग्णाबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत.

सातमाळा, "प्रतिकारशक्ती" नावाची एकच टाकी शरीरात नसते की ती भरावी किंवा रिकामी करावी. क्रोन्समध्ये पहिली फळी ढिली असते आणि दुसरी फळी भडकलेली असते, एकाच वेळी, एकाच आतड्यात. ढिली फळी घट्ट करणारं औषध आज आमच्या हातात नाही. भडकलेली शांत करणारी आहेत, म्हणून ती देतो. काढ्याने यातली नेमकी कुठली बाजू हलेल हे कुणी सांगू शकत नाही. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलंय. आधीच अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असलेल्या माणसाने तर न विचारता काहीही घेऊ नये.

गोदाकाठ, टीबी आणि क्रोन्स यांतला घोळ हा आमच्या ओपीडीतला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. जागा तीच, लक्षणं तीच, ग्रॅन्युलोमा दोन्हींत. टीबीतले ग्रॅन्युलोमा मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध पनीरासारखे कुजलेले असतील तर सोपं जातं, पण तुकड्यात दरवेळी ते येत नाहीत. जंतूही बऱ्याचदा हाती लागत नाही. म्हणून एकेटी देऊन बघतात. मात्र नुसतं "बरं वाटतंय" यावर जायचं नाही, कारण क्रोन्सच्या काही रुग्णांनाही एकेटीवर काही काळ बरं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का हे डोळ्यांनी बघायचं. नसतील भरल्या तर तिथेच थांबून नव्याने विचार करायचा. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी एकेटी चालू असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. उशीर झाला तर आतडं आकसण्याचा धोका वाढतो.

आता जनुक तपासणी. नॉड-२ चे ते तीन प्रसिद्ध बदल युरोपीय वंशाच्या लोकांत सापडले. जपानी रुग्णांत ते नाहीत. वेल्लोरच्या गटाने २००८ मध्ये आपल्याकडच्या क्रोन्सच्या रुग्णांत शोधले, तिथेही मिळाले नाहीत. उत्तर भारतातल्या अभ्यासात याच जनुकातल्या एका वेगळ्या बदलाचा संबंध दिसला, पण त्याचा परिणाम मोठा नाही. म्हणजे भावाची ती तीन बदलांची तपासणी केलीत तर ती बहुधा "नाही" अशीच येईल, आणि त्या "नाही"ला काही अर्थ नसेल. त्याला क्रोन्स आहे हे आतडंच सांगतंय.

---

बाल्टिक_वारा

मी कीलला असते, जर्मनीत. माझ्या नवऱ्याला क्रोन्स आहे. तो इथलाच, जर्मन. इकडे रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकात त्या तीनपैकी किमान एक बदल असतो. नवऱ्यात दोन्ही प्रतींत आहे, आईकडून एक आणि वडिलांकडून एक.

पण गंमत नाही, गांभीर्याने सांगते: त्याच्या धाकट्या बहिणीतही अगदी तेच दोन बदल आहेत आणि तिला काहीही नाही. चाळीस वर्षांची आहे, लांब पल्ल्याचं सायकलिंग करते. एका प्रतीत बदल असेल तर धोका दोन ते चार पट, दोन्हींत असेल तर पंधरा पटींच्याही वर, असं आम्हाला समजावलं तेव्हा मी घाबरले होते, कारण आम्हाला मुलगी आहे. मग तिथल्या समुपदेशक बाईंनी कागदावर शंभर ठिपके काढले. दोन्ही प्रती बदललेली शंभर माणसं. त्यांतल्या नव्वदाहून जास्त ठिपक्यांना तिने रंगच दिला नाही. त्यांना आयुष्यात क्रोन्स होत नाही. मूळ आजारच इतका कमी की पटी कितीही मोठी दिसली तरी हाती येणारा आकडा लहान. तो कागद मी जपून ठेवलाय.

मुलीची तपासणी आम्ही केली नाही. एकच पाळतो, घरात सिगारेट नाही. क्रोन्समध्ये तिचा वाईट परिणाम पक्का आहे.

---

झरपट

ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग विभागात ३१ वर्षं काढली. आता निवृत्त. तुमचं नानांचं वाचून राहवलं नाही.

गावोगाव सायकलवर फिरून आम्ही चट्टे तपासायचो. पिसाने स्पर्श करायचा, डोळे मिटायला सांगायचे, बोट ठेवून दाखव म्हणायचे. जिथे बोट ठेवता येत नाही तिथे संवेदना गेलेली. लोक म्हणायचे, "मले काईच दुखत नाई, मंग दवाखान्यात काहून येऊ?" दुखत नाही हाच तर रोग, हे समजावता समजावता उमर गेली.

आता "रक्ता"चं सांगतो. कुष्ठाचे जंतू अंगात गेलेल्या शंभरांपैकी पंच्याण्णवांना हा रोग होत नाही, त्यांचं शरीर त्याला आपोआप निपटवतं. बाबा आमट्यांनी स्वतःच्या अंगात हे जंतू टोचून घेतले होते, प्रयोगासाठी. त्यांना रोग झाला नाही. आम्हाला नोकरीला लागताना हे सांगत, भीती जावी म्हणून. म्हणजे उरलेल्या पाचांत काहीतरी वेगळं असतं हे आम्ही तेव्हाही जाणत होतो, जनुकाचं नाव माहीत नव्हतं एवढंच. पण त्याच पाचांत उपासमार असते, एका खोलीत आठ माणसं झोपणं असतं, वर्षानुवर्षं उपचार न मिळालेल्या माणसाच्या सोबत राहणं असतं. जंतू शरीरात गेल्यापासून चट्टा उठेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. कुणाकडून आला हे कोण सांगणार? म्हणून गाव म्हणायचं, रक्तात आहे.

आणखी एक. हाताची बोटं वाकडी होतात ती बऱ्याचदा जंतूपेक्षा आपल्याच शरीराच्या भडक्याने. त्याला आम्ही रिअॅक्शन म्हणतो. चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड होते, हात लावू देत नाही माणूस. गोळ्या चालू असतानाही होतं, कधी संपल्यावरही. तेव्हा दाह उतरवणारं प्रेडनिसोलोन वेळेत दिलं तर हात वाचतो. मी किती हात वाचलेले पाहिले आणि किती गेलेले पाहिले, मोजदाद नाही. तुमचं हे जनुक दाह करणारं आहे म्हणता, तर या रिअॅक्शनशी त्याचा काही संबंध सापडलाय का?

---

हिरवा_चाफा

झरपट काका, नेमका प्रश्न विचारलात. नेपाळमधल्या कुष्ठरुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात नॉड-२ च्या परिसरातल्या काही बदलांचा संबंध रोगाशीही दिसला आणि रिअॅक्शनशीही. म्हणजे जंतूला आवरणं आणि आवरताना स्वतःचं घर न जाळणं, या दोन्हींत हे जनुक लुडबुड करतं, हे तुमच्या अनुभवाशी जुळतं. मात्र यावरून एखाद्या रुग्णाला रिअॅक्शन येईल की नाही हे आधी सांगता येत नाही. तिथे आजही तुमच्यासारख्यांचा हात आणि नस चाचपणारी बोटंच उपयोगी.

---

पाटीपेन्सिल

एक शंका. जनुक इतकं त्रासदायक असेल तर ते हजारो वर्षांत नष्ट कसं झालं नाही? कुठे तरी वाचलं होतं की प्लेगमधून वाचलेल्यांची जनुकं पुढे आली म्हणून.

---

बाल्टिक_वारा

ते जनुक वेगळं. पायरिन नावाचं प्रथिन बनवणारं. तेही उपजत प्रतिकारशक्तीतलंच. त्याच्या दोन्ही प्रतींत बिघाड असला की पुन्हा पुन्हा ताप आणि पोटदुखीचे झटके येतात, भूमध्य समुद्राभोवतीच्या तुर्की, आर्मेनियन, अरब, ज्यू लोकांत हा आजार जास्त. २०२० मध्ये असं दिसलं की प्लेगचा जंतू पायरिनला गप्प करतो, पण बदललेल्या पायरिनला गप्प करणं त्याला तितकं जमत नाही. म्हणून त्या भागात ते बदल टिकले असावेत. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं, पण या गोष्टीचा पुण्याशी संबंध जोडू नये.

नॉड-२ चे बदल युरोपात का टिकले याबद्दल अटकळी बऱ्याच आहेत, पायरिनइतका सरळ पुरावा मला दिसलेला नाही. आणि नॉड-२ चं उलटं टोकही आहे. काही दुर्मीळ बदलांत जागल्या झोपत नाही, उलट चोर नसताना ओरडत सुटतो. त्यातून ब्लाऊ सिंड्रोम होतो, लहान मुलांच्या सांध्यांत, कातडीवर आणि डोळ्यांत दाह. जनुक तेच, एका बाजूला झुकलं तर आतडं, दुसऱ्या बाजूला झुकलं तर डोळे.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झरपट काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मीच पुन्हा बसून काढलं. चुलत आजोबा आणि नातू यांच्यात सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. चीनमधल्या अभ्यासात सापडलेले बदल हे क्रोन्सचे ते तीन बदल नव्हेतच, नॉड-२ च्या शेजारचे वेगळे आहेत. २०१२ मध्ये आतड्यांच्या दाहाशी जोडलेली जनुकीय ठिकाणं १६३ झाली होती. त्यांत कुष्ठाशी जुळणारी बरीच निघाली, पण तीही कधी एका दिशेने तर कधी उलट दिशेने काम करतात. नानांचा रक्ताचा थेंबही आज नाही. तेव्हा त्या दोघांना जोडणारी रेघ मला काढता येत नाही, आणि ती काढायचा माझा हट्ट मी सोडतेय. मला वाटतं, नानांना घरात परत आणायला मी जनुकाचं निमित्त शोधत होते.

आत्याला सांगितलं, "जंतू सगळ्यांच्या अंगात गेला असेल, तुझ्या वडिलांच्यासुद्धा. नानांचं शरीर त्याच्याशी लढताना कमी पडलं. यात वाईट काय?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नाना पेटी चांगली वाजवायचे.

तपासणी कुणाचीच करत नाही आहोत. भावाला इन्फ्लिक्सिमॅब सुरू करायचं ठरलंय. त्याची मात्र भीती वाटते. टीबी नव्हता, एकेटीही झाली, तरी हे इंजेक्शन टीबीला मोकळीक देतं असं वाचलं.

---

हिरवा_चाफा

भीती अस्थानी नाही, म्हणूनच आधी तपासण्या करतात. हे औषध टीएनएफ नावाचं रसायन अडवतं. तेच रसायन आतडं पेटवतं, आणि तेच फुप्फुसात दबून बसलेल्या टीबीभोवतीची भिंत सांभाळतं. औषध बाजारात आल्यावर २००१ मध्येच सुप्त टीबी उठल्याचे रुग्ण नोंदले गेले. म्हणून छातीचा एक्स-रे, टीबीची त्वचा किंवा रक्त चाचणी, आणि हिपॅटायटिस बी. सुरू झाल्यावरही ताप, खोकला, वजनात घट दिसली तर पुढच्या डोसची वाट न बघता कळवायचं. आपल्या देशात ही जागरूकता वर्षभर लागते, कारण टीबी नव्याने लागण्याचा धोका आहेच.

---

गोदाकाठ

एक्स-रे स्वच्छ आहे, रक्ताची टीबी चाचणी निगेटिव्ह, हिपॅटायटिसही. पहिला डोस गुरुवारी. मग दोन आठवड्यांनी, सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. मी नाशिकहून बुधवारी रात्री पोचतेय.

---

सातमाळा

ताई, शाल घेऊन जा. सलाइन दोन तास चालतं, वर थोडा वेळ बसवून ठेवतात आणि एसी फार असतो. सुई लावण्याआधी त्याला भरपूर पाणी पाजा, शीर सापडायला सोपं जातं. घसा खाजला, अंगावर पित्त उठलं किंवा छातीत जड वाटलं तर लगेच सिस्टरना सांगायचं, वाट बघायची नाही. शुक्रवारी इथे कळवा.